न आलेला पलंग

मैत्रिणींनो, हौसेने आणलेली वस्तू दारातच अडली, असा प्रसंग तुमच्यावर कधी आला आहे का? माझ्यावर आला आहे. तोही सासरी, चार शेजारणी ओट्यावर बघायला जमलेल्या असताना!

आमचं गाव कशेडी. पोलादपूर मागे पडलं की मुंबई-गोवा रस्ता घाट चढू लागतो, त्या घाटातलं. आम्ही नोकरीपायी डोंबिवलीला. पण गणपती, शिमगा आणि मे महिना गावी, हे ठरलेलं. गावच्या घरात सासूबाई एकट्या असतात. अर्थात 'एकट्या' म्हटलेलं त्यांना खपत नाही. दोन शेळ्या, आठ-दहा कोंबड्या आणि हाकेच्या अंतरावर पुतणसून असताना मी एकटी कशी, असा त्यांचा सवाल असतो.

तर 2019 सालची गोष्ट. सासूबाईंची लुगडी पत्र्याच्या ट्रंकेत, ट्रंक खाटेखाली, आणि लुगडं काढायचं म्हणजे वाकून वाकून कंबर मोडायची. मी मनात घेतलं, यांना छानसं कपाट घ्यायचं. आमच्याकडच्या एका मोठ्या दुकानात सेल लागला होता. साडेसहा फूट उंच, मधोमध आरसा, वर गुळगुळीत अक्रोडी रंग. हप्ते बांधून घेतलं आणि टेम्पोत घालून थेट कशेडीला. आता आमच्या जुन्या घराची दारं कशी? वाकल्याशिवाय आत जाताच येत नाही. कपाट आडवं केलं, उभं केलं, तिरकं केलं. ओटीत शिरलं, पण ओटीतून माजघरात वळेना. शेवटी ह्यांनी आणि पुतण्याने मिळून ते सगळं खोललं आणि आत नेऊन पुन्हा जोडलं. आरशाला तडा गेला तो तेव्हाच.

बरं, माजघरात जागा कुठे होती? तिथे मामंजींची आरामखुर्ची होती. मामंजी जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, खुर्चीचं कापड विरलेलं. खालच्या वाडीतला एकजण मागत होता, मी देऊन टाकली. जागा झाली. सासूबाई हूं की चूं करत्या झाल्या नाहीत. "ठेवा तुमाला हवं तिथं," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, आवडलं असणार.

ते कपाट लाकडाचं नव्हतंच. लाकडाचा भुसा डिंकासारख्या रसायनात कालवून, दाबून केलेल्या फळ्या असतात ना, त्यांचं. डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर ते कदाचित वीस वर्षं टिकलं असतं. आमच्याकडे पावसाळ्यात मीठ बरणीत पाझरतं आणि पापडाच्या डब्यावर बुरशी धरते. पहिल्याच श्रावणात कपाटाचे पाय फुगले, दुसऱ्या पावसात तळाची फळी पावासारखी सुटली. सध्या ते गोठ्यात आडवं आहे आणि त्यात कोंबड्या अंडी घालतात. हप्ते मात्र त्यानंतरही सहा महिने चालू होते.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की 2025 च्या मे महिन्यात मी पुन्हा तेच करायला निघाले होते.

झालं असं, की फेब्रुवारीत सासूबाई न्हाणीत घसरल्या. हाड मोडलं नाही, पण गुडघा चांगलाच धरला. महाडच्या डॉक्टरांनी बजावलं, आजी, आता जमिनीवर बसणं-झोपणं बंद. जुनी खाट सुंभाची, मध्ये झोळी झालेली. तिच्यावरून उठणं जमिनीवरून उठण्याहून अवघड. त्यामुळे पलंग हवाच होता. डोंबिवलीला चला म्हटलं तर त्या हसून शेळ्यांकडे बघत. मग निदान पलंग तरी उत्तम घ्यावा, असं मला वाटलं. खरं सांगू? पलंगापेक्षा माझ्या मनाची टोचणी मोठी होती. माणसाला जवळ ठेवता येत नाही, म्हणून आपण मोठी वस्तू घेतो. मी निवडला तो साडेसहा बाय सहाचा, खाली सामान ठेवायची पेटी असलेला, डोक्याशी उंच पाठ असलेला.

आमची लेक कॉलेजात आहे. ती म्हणाली, "आई, घ्यायच्या आधी माजघरात ठेवून तर बघ."

"ठेवून बघायला तो आणायला नको का?"

"नको," म्हणाली, आणि तिने फोन पुढे केला.

तुमच्यापैकी पुष्कळजणींनी हे पाहिलं असेल. काही खरेदीच्या ॲपमध्ये वस्तूच्या फोटोखाली 'आपल्या खोलीत पाहा' अशा अर्थाचं बटण असतं. ते दाबलं की फोनचा कॅमेरा सुरू होतो, पडद्यावर आपलीच खोली दिसते आणि तिच्यात ती वस्तू येऊन उभी राहते. आपण बाजूला सरकलो की तिची बाजू दिसते, जवळ गेलो की ती मोठी होते. इंग्रजीत याला 'ऑगमेंटेड रिॲलिटी' म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी ते जन्माला आलं कारखान्यात. 1990 च्या सुमाराला अमेरिकेत विमानं बांधणाऱ्या बोइंग कंपनीत टॉम कॉडेल नावाच्या संशोधकाने ते वापरलं. विमानातल्या तारांच्या जुड्या मोठमोठ्या फळ्यांवर मांडून बांधाव्या लागत; कोणती तार कुठून न्यायची, ते कामगाराला डोळ्यांपुढेच दिसावं अशी त्याची कल्पना. तिथून ही विद्या घराघरात आली ती फोन पुरेसे हुशार झाल्यावर. स्वीडनच्या आयकिया कंपनीने सप्टेंबर 2017 मध्ये असं ॲप काढलं आणि त्यात सुरुवातीलाच दोन हजारांवर वस्तू ठेवल्या. त्याच कंपनीचं दुकान डिसेंबर 2020 मध्ये आपल्या नवी मुंबईत तुर्भ्याला उघडलं. तिथे सजवलेल्या खोल्याच्या खोल्या मांडून ठेवलेल्या असतात. बाई, बघून डोळे निवतात. पण त्यातल्या एकाही खोलीला आमच्या माजघरासारखं बुटकं दार नाही.

आता फोनला खोली कळते कशी? मलाही प्रश्न पडला होता. लेकीने समजावलं, ते असं. कॅमेरा जमिनीवरच्या बारीकसारीक खुणा टिपत राहतो. फरशीचा सांधा, एखादा डाग, चटईचा काठ. आपण फोन हलवला की या खुणा पडद्यावर किती सरकल्या ते तो बघतो. फोन किती वळला, किती हलला, हे सांगणारी यंत्रं त्याच्या पोटात असतातच. दोन्हींचा मेळ घालून तो हिशेब करतो, की ही जमीन सपाट आहे आणि माझ्यापासून इतकी लांब आहे. मग वस्तूचं लांबी-रुंदीचं माप त्या जमिनीला लावून तिचं चित्र काढतो. रांगोळी काढताना आपण ठिपक्यांवरून अंदाज घेतो, तसंच काहीसं.

पण आमच्या घरी त्याला ठिपकेच सापडेनात! माजघरात घोटीव कोबा. एकाच रंगाचा, गुळगुळीत, वर्षानुवर्षं पुसून चकाकणारा. त्यात उजेड जेमतेम. वर एक काचेचं कौल आहे, त्यातून पडेल तेवढाच. फोन आपला 'हळू फिरवा, हळू फिरवा' सांगतोय आणि पलंग काही येईना. एकदा आला तो थेट भिंतीत अर्धा घुसलेला. दुसऱ्यांदा आला तो जमिनीपासून वीतभर वर तरंगत. सासूबाई म्हणाल्या, "भुताचा हाय का गो ह्यो?"

मग लेकीने मागचं दार सताड उघडलं, दिवा लावला आणि मी ट्रंकेतली पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी आणून जमिनीवर पसरली. लगेच जमलं. तुमच्याकडे पांढऱ्या चकचकीत टाइल्स असतील तर हे लक्षात ठेवा. नक्षीची सतरंजी किंवा वर्तमानपत्राची दोन-चार पानं टाकली की पुरतं. समोर मोठा आरसा असेल तर त्यावर चादर टाका, कारण आरशातली खोली फोनला खरीच वाटू शकते.

आमच्या घरी आणखी एक गंमत. रेंज येते ती फक्त पडवीच्या कोपऱ्यात, तुळशीकडे तोंड केलं की. त्यामुळे पलंग आधी पडवीत 'उतरवून' घ्यायचा आणि मग फोनमधून माजघरात न्यायचा, असा कारभार चालला होता. हमाली नाही, एवढंच बरं.

तर पलंग उभा राहिला. खरंच राहिला हो! त्याची सावलीसुद्धा सतरंजीवर पडली होती. सासूबाई चहाचा कप घेऊन लेकीच्या खांद्यामागून बघत होत्या. बघता बघता त्या पुढे निघाल्या, स्वयंपाकघराकडे, आणि जिथे पलंग 'होता' तिथे आल्यावर त्यांनी लुगड्याचा काठ सावरला आणि वळसा घालून गेल्या. रिकाम्या जमिनीला वळसा! आम्ही दोघी हसलो. त्या हसल्या नाहीत. परत आल्या आणि म्हणाल्या, "ह्यो हितं नको."

मैत्रिणींनो, लग्नाला माझ्या चोवीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत या बाईंच्या तोंडून 'नको' मी पहिल्यांदा ऐकलं. साडी आणली, बरी हाय. मिक्सर आणला, बरा हाय. कपाट आणलं, ठेवा तुमाला हवं तिथं. मुलांनी पैसे घालून आणलेली वस्तू दारात आल्यावर आई नको कशी म्हणेल? पण या पलंगाला अजून पैसे पडले नव्हते. तो परत पाठवायचा नव्हता, बोटाने पुसायचा होता.

"का नको?" मी विचारलं.

"मला दार दिसत न्हाय."

मी त्यांच्या नेहमीच्या जागी जाऊन बसले आणि फोनमधून पाहिलं. पलंगाची ती उंच, सुंदर पाठ बरोबर ओटीच्या दाराआड येत होती. मागच्या दाराकडे जायची वाटही पाऊण अडवली होती. मला वाटलं, मुलं यायची वाट बघत असतात म्हणून त्यांना पुढचं दार हवं. तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "तुमी येनार ते मला फोनवर कळतं. पावसाची गोष्ट हाय."

मग उलगडा झाला. 22 जुलै 2021 चा दिवस महाड-पोलादपूरकडचं कुणी विसरलेलं नाही. महाड शहर पाण्याखाली होतं, तळिये गावावर डोंगर उतरला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातही केवनाळ्याला आणि साखरच्या सुतारवाडीला दरडी आल्या. आम्ही डोंबिवलीत रात्रभर फोन लावत होतो आणि लागत नव्हता, एवढं मला आठवतं. पण तेव्हापासून पावसाच्या रात्री सासूबाई पुढचं आणि मागचं अशी दोन्ही दारं नजरेत ठेवून झोपतात, बॅटरी उशाशी आणि चपला पायाशी, हे मला चार वर्षांत ठाऊक नव्हतं. दिवे गेलेले असताना, दुखऱ्या गुडघ्यानं, सहा फूट रुंद पलंगाला वळसा घालून त्यांना बाहेर पडावं लागलं असतं. आणि तो पलंग मी हौसेने आणला असता.

त्यानंतर तासभर आम्ही तिघी पलंग लावत होतो. इकडे लावला, तिकडे लावला. सासूबाईंच्या बोटाला फोन दाद देईना. कष्टाने भेगाळलेली, कोरडी बोटं ती. म्हणून त्या बोट दाखवत आणि लेक सरकवी. दुहेरी जाऊन एकेरी आला, पेटी गेली, उंच पाठ गेली. शेवटी भिंतीकडेला तीन फूट रुंदीचा साधा पलंग ठरला. दोन्ही दारं मोकळी, आणि काचेच्या कौलाचा कवडसा पायाशी. हे सगळं फुकट बरं का!

आता ते ॲपवर मागवायचं, तर गावाचा पिनकोड टाकल्यावर उत्तर आलं, या ठिकाणी ही वस्तू पोचवली जात नाही. म्हणजे पलंग कशेडीच्या माजघरात दिसतो, पण कशेडीला येत नाही! 2023 च्या गणपतीत घाटाखालचा बोगदा पहिल्यांदा एका बाजूने हलक्या गाड्यांना उघडला, तेव्हापासून तशाही बऱ्याच गाड्या आमच्या दारावरून न जाता डोंगराच्या पोटातून जातात. सासूबाईंना त्याचं वाईट वाटलं नाही. म्हणाल्या, आवाज कमी झाला.

पोलादपूरच्या सुताराला बोलावलं. तो सांगितल्या दिवशी आला, हेच नवल. त्याला फोन दाखवला. त्याने शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "उंची किती धरू?" पडद्यावरच्या पलंगाची उंची बावीस इंच लिहिलेली. मी म्हणणार होते, तेवढीच धरा. पण त्याने खिशातून टेप काढला, सासूबाईंना लाकडी पेटीवर बसवलं आणि गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत माप घेतलं. सोळा इंच! बावीस इंचावर बसल्या असत्या तर त्यांचे पाय लोंबकळले असते आणि उतरताना पुन्हा पडण्याची भीती. फोनमधल्या पलंगाभोवती फिरता येतं, पण त्यावर बसून बघता येत नाही ना. गादी दबून चार इंच होईल असं धरून त्याने लाकूड बारा इंचावर ठरवलं. घरात वडीलधारी असतील तर खुर्ची, पलंग, अगदी कमोड घेतानाही हे माप आधी घ्या. तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत.

आणि टेप काही सोडू नका. आयकियाने आपलं ॲप काढलं तेव्हा वस्तूचं माप अठ्ठ्याण्णव टक्के बरोबर दिसतं, असं सांगितलं होतं. ऐकायला छान वाटतं. पण साडेसहा फुटांच्या पलंगात दोन टक्के म्हणजे दीड इंच झाला, आणि दारात वस्तू अडते ती अर्ध्या इंचानेच. वस्तू कुठे राहील ते फोन दाखवतो; तिथपर्यंत कशी जाईल, ते नाही. जिन्याचं वळण, चौकट, उंबरा, हे आपणच मोजायचं. लाकूड कसलं, पाण्यात फुगणारं की काय, तेही त्या चित्रावरून कळायचं नाही. माझ्या कपाटाचा अक्रोडी रंग फोनमध्येही तितकाच झकास दिसला असता.

पलंग फणसाच्या लाकडाचा झाला. त्या वर्षी पावसाने मे महिन्यातच गाठलं, तरी सुताराने वेळेत आणून ठेवला. पहिल्या रात्री मी उठून पाहिलं, तर पलंगावर गोधड्यांची नीट घडी आणि सासूबाई खाली चटईवर! सकाळी विचारलं, तर म्हणाल्या, नवा हाय, जरा हवा लागू दे. तिसऱ्या दिवशी पाऊस धो धो लागला, तेव्हा कुठे वर चढल्या.

पण एक गोष्ट राहिली सांगायची. पलंग ठरला त्याच संध्याकाळी लेक नातीच्या उत्साहाने आजीला फोनमध्ये काय काय दाखवत होती. टेबल, झुंबर, झोपाळा. सासूबाई बराच वेळ बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "तुज्या आजोबांची खुर्ची दाखिव की ह्येच्यात. हितं, ह्या कोपऱ्यात."

लेक म्हणाली, "आजी, विकायला असतं तेच येतं ग यात. किंवा खुर्ची समोर असेल तर तिचे चहूबाजूंनी फोटो काढून करता येतं."

"बरं," म्हणाल्या आणि उठून दिवा लावायला गेल्या.

मी तिथेच लसूण सोलत बसले होते. मला वर बघवेना. कपाट ठेवलं होतं तो हाच कोपरा.

दुसऱ्या दिवशी ह्यांना घेऊन खालच्या वाडीत गेले. तो माणूस कधीच पुण्याला मुलाकडे गेला होता, घराला कुलूप. शेजारी म्हणाले, खुर्ची होती, पण 2021 च्या पावसात छप्पर गळलं तेव्हा तिचं पार वाटोळं झालं. परतताना हे म्हणाले, जाऊ दे, आई विसरेल. मी म्हटलं, सहा वर्षांत नाही विसरल्या.

सुतार पलंग जोडायला आला, त्या दिवशी मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, एक आरामखुर्ची कराल का? माप, म्हणाला. माप कुठून देणार? खुर्चीचा एक फोटो तेवढा होता, त्यातही मामंजींच्या मांडीवर आमची लेक, खुर्ची जेमतेम दिसते. मग सासूबाईच पुढे झाल्या. सुताराने चुलीतला कोळसा मागून घेतला आणि माजघराच्या कोब्यावर रेघा ओढायला सुरुवात केली. पाठ एवढी? आणखी लांब. बैठक? हां, एवढीच. सासूबाई पलंगावर बसून हातवारे करीत सांगत होत्या, तो पुसत होता आणि पुन्हा काढत होता. हातांवर आला तेव्हा त्यांनी त्याला थांबवलं.

"हात रुंद ठेव. त्यावर ते कप ठेवीत."

गणपतीपर्यंत देतो म्हणाला. सुतारच तो, दिवाळी उजाडली.